आमच्या घरचा किल्लीबहाद्दर

माझ्या थोरल्याला एक खोड आहे. वस्तू दुसऱ्याची असते आणि शब्द हा देऊन मोकळा होतो. लहानपणी एकदा शेजाऱ्यांना आमची शिडी देऊन आला होता, तेव्हा याचा बाप माळ्यावर होता. आता केस पिकले, चष्मा दोन भिंगांचा झाला, ऑफिसात हाताखाली माणसं आली, खोड काही गेली नाही. या खेपेला त्याने बापाने बांधलेलं पुस्तक देऊन टाकलं. तेही फोनमधल्या माणसाला.

आमचं घर पुस्तकबांधणीचं. पुढच्या खोलीत दाब, कापायचं मशीन, सरसाचं भांडं आणि पुठ्ठ्यांची चळत. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. नवरा होता तोवर पुठ्ठे तो चढवायचा आणि शिवण माझ्याकडे असायची. आता पुठ्ठे लेक चढवते. शिवण अजून माझीच. सुईत दोरा ओवायला मला चष्मा लागतो, शिवायला लागत नाही. ते हात आपले आपण बघून घेतात.

थोरला सुट्टीला आला होता. पहिले दोन दिवस नुसता लोळला. लेक म्हणाली, "दादा, आयतं खातोयस तर माळा तरी आवर. मला पुठ्ठे ठेवायला जागा नाही." हा चढला. सकाळी चढलेला माणूस जेवायची वेळ झाली तरी उतरेना. वर खाटखूट नाही, धूळ नाही, खोकला नाही. मला वाटलं, घेरी येऊन पडला की काय. लेकीने शिडीवर चढून डोकं आत घातलं आणि खाली वळून म्हणाली, "आई, दादा वाचत बसलाय. मांडी घालून, तोंड उघडं टाकून."

"काय वाचतोय?"

"किल्लीबहाद्दर."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. हे नाव या घरात कितीतरी वर्षांत कुणी काढलं नव्हतं.

किल्लीबहाद्दर ही चित्रांच्या गोष्टींची मालिका. पोरं लहान होती तेव्हा महिन्याला एक अंक निघायचा. एक कुलूपवाला, कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, जगातलं कुठलंही कुलूप उघडणार. त्याचा वैरी गंजराज. हा फुंकर मारील तिथलं लोखंड खाल्लं जायचं, मग ती कडी असो, पूल असो, की आगगाडीचे रूळ. अंक फारसे खपले नाहीत. दुसऱ्या मालिकांतले पैलवान उडायचे, इमारती उचलायचे. आमचा कुलूपवाला बिचारा गुडघ्यावर बसून भोकाला डोळा लावायचा. वर्ष व्हायच्या आत मालिका बंद पडली. आज चार माणसांत विचारलंत तर चौघंही नाही म्हणून मान हलवतील.

छापखान्यातले न खपलेले अंक रद्दीला निघाले, ते माझ्या नवऱ्याने पोरांसाठी उचलून आणले. आणि मग तो अगदी बाइंडरसारखा वागला. मासिकं बांधायला आली की बाइंडर पहिलं काय करतो, तर पिना उपटतो आणि कव्हरं फाडून टाकतो. कव्हराचा कागद जाड, तो शिलाईत नीट बसत नाही. हाताला वळणच तसं. पोरं भोवती नाचत होती, तेवढ्यात याने सगळ्या अंकांची कव्हरं फाडून सरसाच्या भांड्याखाली आगीत घातलीसुद्धा. मग लक्षात आलं की अंकाचा आकडा कव्हरावरच होता. आत कुठेच नाही. आतली पानं प्रत्येक अंकात आपली एकपासून सुरू.

"आता गं कसा लावायचा क्रम?" तो डोकं खाजवत म्हणाला.

"आण इकडे," मी म्हटलं.

माझी शाळा चौथीत सुटली. गोष्ट वाचून क्रम लावत बसायला मला वेळही नव्हता आणि तेवढा सरावही नव्हता. मी आमच्या कामाच्या रीतीने लावला. एका अंकाची जवळजवळ सगळी पानं काळीठिक्कर होती आणि शाई बोटाला लागत होती. असला गठ्ठा कडेला ठेवला तर पुठ्ठ्याच्या आतल्या पांढऱ्या कागदाची वाट लागते. म्हणून तो मध्ये घातला. ज्यात एक पोरगं तेलाची झारी घेऊन दाराच्या बिजागरीला तेल घालतंय, तो अंक फिकट, स्वच्छ, तो शेवटी. बाकीचे जसे हाताला बसले तसे. मी शिवलं, नवऱ्याने पाठ ठोकून गोल केली, लाल कापड चढवलं, रात्रभर दाबात ठेवलं. पोरांना सकाळी पुस्तक मिळालं.

आता त्यात झालं असं. काळ्या अंकात किल्लीबहाद्दर गंजराजाला कवेत धरून पोलादी तिजोरीत शिरतो, दार ओढून घेतो, किल्ली फटीतून बाहेर फेकतो. मग नुसता अंधार. आणि आमच्या पुस्तकात पान उलटलं की तोच किल्लीबहाद्दर भर बाजारात उभा राहून एका बाईची अडकलेली पेटी उघडून देतोय. लेकीने तेव्हा विचारलं होतं, "बाबा, हा बाहेर कसा आला?" तिचा बाप पुठ्ठा कापता कापता म्हणाला, "कुलूपवाला आहे ना तो? आतून उघडलं असेल." पोरांना पटलं. कुणालाही पटेल.

गंजराजाचंही तसंच. मूळ गोष्टीत म्हणे तो आधी लहान पोर असतो आणि पुढे बिघडतो. आमच्याकडे तो अंक शेवटी, त्यामुळे आमचा गंजराज म्हातारपणी लहान होतो आणि लोकांच्या दारांना तेल घालत हिंडतो. थोरल्याने हे शाळेत सांगितलं. ज्या पोरांनी सुटे अंक वाचले होते त्यांनी त्याला खोटारडा ठरवलं. हा नाक पुसत घरी आला. बापाने समजूत वगैरे काही काढली नाही. हात धुतले, पुस्तक घेतलं, पोराला मांडीवर बसवलं आणि पहिल्या पानापासून सगळ्यांचे आवाज काढून वाचून दाखवलं. किल्लीबहाद्दर नाकात बोलायचा, गंजराज घशातून, कानशीने घासल्यासारखा. त्यानंतर शाळेत कोण काय म्हणतं याची थोरल्याने फिकीर केली नाही.

तर हे पुस्तक त्याला माळ्यावर सापडलं. उतरला तेव्हा डोक्याला जळमटं आणि चेहरा बारक्या पोराचा. जेवताना एका हाताने घास, एका हाताने पान. मी एरवी बोलले असते, नाही बोलले. बरं वाटत होतं बघायला. मग त्याने फोनवर फोटो टाकले, की बाबांनो, ही मालिका कुणाला आठवते का. कुणाला आठवत नव्हती. हा दर थोड्या वेळाने फोन बघायचा आणि तोंड पाडायचा.

"कुणी नाही रे वाचलं," लेक म्हणाली. "आपणच दोघं."

मग एका मुलीचा निरोप आला. ही गोष्ट आणि चित्रं दोन्ही माझ्या आजोबांची आहेत, ते आहेत अजून, आणि त्यांच्याकडे एकही अंक नाही. आणि आमच्या चिरंजीवांनी तिथल्या तिथे कळवून टाकलं की काळजी नको, मी पुस्तक उसवून, पानं सरळ करून, छान फोटो काढून, खऱ्या क्रमाने लावून देतो.

मला याचा पत्ता लागला तो हा पुढच्या खोलीत येऊन लेकीला विचारायला लागला तेव्हा. "अगं, ती पातळ सुरी कुठे असते?"

"कशाला?"

"किल्लीबहाद्दर उसवायचाय."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी सुई कापडाला टोचून ठेवली.

"कुणाला विचारून?" मी म्हटलं.

"आई, अगं त्या माणसाकडे स्वतःच्या कामाचं एक पान नाही."

"आणि माझ्याकडे?"

"तुझ्याकडे काय? दुकान भरून पुस्तकं पडलीयत."

"लोकांची पडलीयत."

त्याला कळलं नाही. मग मला सांगावं लागलं, आणि असलं काही बोलून दाखवायला मला आवडत नाही. बाइंडरचं काम बाइंडरच्या घरात राहत नाही. याच्या बापाने जन्मभर बांधलं ते गिऱ्हाइकं घेऊन गेली. कचेऱ्यांची दप्तरं, वकिलांची बाडं, शाळांची पुस्तकं, कुठल्या कपाटात असतील, नसतील. त्याच्या हाताने गोल केलेली पाठ या घरात एकच उरली आहे, ती या पुस्तकाची. हात फिरवावा असं दुसरं काही नाही माझ्याकडे.

थोरला जरा नरमला. "परत शिवता येईल ना, आई. ही शिवेल."

"मला कुठे गुंतवतोस?" लेक म्हणाली. "स्वतःला बटण लावता येत नाही आणि लोकांची कामं ठरवतोय."

"शिवता येईल," मी म्हटलं. "त्याने ठोकलेली पाठ कोण ठोकणार? पुस्तक उसवायचं नाही. शब्द तू दिलास, तूच निस्तर. म्हणावं, बघायचं असेल तर घरी येऊन बघा."

मला वाटलं होतं, कोण कशाला येतंय. पण आले. नातीने दंडाला धरून आणलं. उंच माणूस, आता वाकलेला, खिशाला पेन्सिल लावलेली. मालिका बंद पडल्यावर त्यांनी औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं काढली म्हणे, निवृत्त होईपर्यंत. मी कामाचं टेबल स्वच्छ पुसून घेतलं होतं. थोरल्याने पुस्तक दोन्ही हातांवर आणलं, तान्हं मूल आणावं तसं.

चित्रकाराने पान डोळ्यांपाशी धरलं. एक उलटलं, दुसरं उलटलं. बोट ठेवून थांबला. मग भराभरा उलटत मध्यावर गेला आणि कपाळाला आठी घातली.

"हे इथे कसं आलं? हा शेवटचा अंक आहे. इथे मालिका संपते."

"आमच्याकडे नाही संपत," थोरला बोलून गेला.

"मी घातला तो मध्ये," मी म्हटलं. "शाई हाताला लागत होती. एवढं काळं करून ठेवायची काय गरज होती तुम्हाला?"

नातीला वाटलं आता आजोबा रागावणार. ते रागावले नाहीत, पण ताठ झाले. "मालकाने निरोप पाठवला की मालिका बंद, सकाळपर्यंत शेवटचा अंक हातात द्या. तेवढ्यात चित्रं कुठली काढणार? अंधार काढायला वेळ लागत नाही. शिवाय डोकं फिरलं होतं. म्हटलं, मरा एकदाचे दोघेही."

"म्हणून कुलूपवाल्याला कुलपात कोंडून मारलंत?"

"का? काय झालं?"

"पट्टीच्या पोहणाऱ्याला बादलीत बुडवल्यासारखं झालं."

नातीने तोंडाला रुमाल लावला. चित्रकार काही हसला नाही. "किल्ली बाहेर फेकलीय त्याने. मुद्दाम मोठी काढून दाखवलीय मी."

"त्याला किल्ली लागायची कधी? तुरुंगाचं दार त्याने बाईच्या डोक्यातल्या पिनेने उघडलं होतं ना?"

"आई," लेक म्हणाली, "तू तर म्हणायचीस, मी कधी वाचलंच नाही."

"वाचलं नाही. कान होते मला."

चित्रकाराने पुस्तक टेबलावर ठेवलं. "बाई, हा माणूस मी काढलाय. तो मेलेला आहे."

"तुमच्याकडे मेला असेल."

मला वाटलं, जरा जास्तच बोलले, पण बोललेलं परत घ्यायची मला सवय नाही. तेवढ्यात थोरला हळूच म्हणाला, "बाबा म्हणाले होते, आतून उघडलं असेल."

चित्रकाराने त्याच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. "मग? बाहेर येऊन काय करतो तो?"

"बाजारात जातो. एका बाईची पेटी अडकलेली असते."

"ते तर फार आधीचं आहे."

"आमच्याकडे नंतरचं आहे."

म्हाताऱ्याने खुर्ची पुढे ओढली. "वाचा," तो म्हणाला. "तुमचं जसं आहे तसं वाचा. माझी नजर अक्षरांना पुरत नाही."

थोरला आधी साध्या आवाजात वाचायला लागला, ऑफिसातला कागद वाचावा तसा. लेक म्हणाली, "असं नाही. नीट वाच." तो लाजला. नातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग किल्लीबहाद्दर नाकात बोलायला लागला. लेकीने मशीन बंद केलं. गंजराज पहिल्यांदा बोलला तेव्हा मी शिवत होते ते राहून गेलं, कारण तो आवाज थोरल्याचा नव्हता, त्याच्या बापाचा होता. जसाच्या तसा, मधेच खाकरण्यासकट. मी मान खाली घालून दोऱ्याची गाठ सोडवत बसले. दोऱ्याला गाठ पडलेली नव्हती.

तिजोरीचं दार बंद झालं तेव्हा चित्रकार डोळे मिटून बसला होता. थोरल्याने पान उलटलं आणि बाजार सुरू झाला. पेटीवाली बाई म्हणते, "काल कुठे होतास रे? किती शोधलं तुला." किल्लीबहाद्दर म्हणतो, "जरा कामात अडकलो होतो." म्हातारा एकदम मोठ्याने हसला. स्वतःच लिहिलेलं वाक्य, पण या जागी त्याने ते कधी ऐकलं नव्हतं. हसता हसता ठसका लागला, नातीने पाठीवर हात फिरवला, लेकीने पाणी दिलं.

आमच्या पुस्तकातल्या शेवटच्या अंकात पोरगं बिजागरीला तेल घालतं, तिथे थोरला थांबला.

"म्हणजे गंजराज सुधारला," चित्रकार म्हणाला.

"लहान झाला," थोरला म्हणाला.

"सुधारला," लेक म्हणाली. "दादा, तुला तेव्हाही कळलं नव्हतं."

"सुधारून लहान कसा होईल कुणी?"

"तू तर सुधारलाही नाहीस आणि मोठाही झाला नाहीस."

म्हातारा दोघांकडे आळीपाळीने बघत होता, पिकल्या केसांची माझी दोन पोरं हमरीतुमरीवर आलेली. "मी दुसरी मालिका काढलीच नाही," तो म्हणाला. "कागद पुढे घेतला की तिजोरी दिसायची. ज्याच्या जिवावर उभा राहिलो त्याला रागाच्या भरात मारलं, असं वाटायचं. बाटल्या बऱ्या वाटल्या मग. आणि हा इथे बाजार करत हिंडत होता." मग थोरल्याला म्हणाला, "उसवू नका हो. तुमच्या आईंचं बरोबर आहे. मला मिळालं ते पुष्कळ झालं."

थोरल्याने माझ्याकडे असं बघितलं की सुटलो बुवा. मीही मनात म्हटलं, मिटलं.

नात चपला सरकवून उभी होती. म्हाताऱ्याने उठायच्या आधी पुस्तक पुन्हा जवळ ओढलं आणि एका पानाच्या आतल्या कडेला, शिलाईपाशी, नखाने चाचपायला लागला. पान दाबलं. अंगठ्याने फाकवून बघितलं. मग दुसऱ्या अंकात तसंच.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"काही नाही हो."

"काही नाही तर नख कशाला घालताय?"

तो ओशाळला. "मालक नाव छापू द्यायचा नाही. म्हणून मी प्रत्येक अंकात एका पानाच्या आतल्या कोपऱ्यात बारीक किल्ली काढायचो. तीच सही. कुणाला माहीत नव्हतं. म्हटलं, दिसते का बघावी."

मी चष्मा लावला आणि पुस्तक माझ्याकडे घेतलं. मला माहीत होतं काय असणार ते. जुन्या कागदाच्या घड्या पिनांपाशी फाटल्या होत्या, घडीतून शिवता येत नव्हतं, म्हणून मी कडेने भोकं पाडून आडवी शिलाई घातली होती, गच्च. वरून सरस. वरून त्याने ठोकलेली पाठ, जिचा मला इतका अभिमान. मी दोन्ही अंगठ्यांनी जोर लावून बघितला. पान तसूभर उघडलं नाही. आमचं काम पक्कंच असतं. त्या पक्क्या कामाच्या आत या माणसाच्या सगळ्या सह्या गाडलेल्या होत्या, आणि तो मुकाट चपला शोधायला लागला होता.

माझ्या नवऱ्यानेही कुठल्या पुस्तकावर नाव घातलं नाही. पण पाठ बघितली की मला कळतं, ही त्याची. याच्याकडे तेवढंही नव्हतं. नवरा असता तर त्याने एव्हाना सुरी परजली असती, मला विचारलंही नसतं. ती खोड थोरल्याने कुणाची घेतलीय ते काय मला माहीत नाही?

"बसा खाली," मी चित्रकाराला म्हटलं. "चहा होतोय." आणि थोरल्याला हाक मारली. "इकडे ये. समोर उभा राहा."

तो आला. चष्मा काढून हातात धरला त्याने, लहानपणी टोपी धरायचा तसा.

"तू करायला निघालास ते बरोबर होतं," मी म्हटलं, "आणि न विचारता देऊन टाकलंस ते चूक. तेव्हा आता सुरी घे आणि उसव. एकेक टाका कापायचा, कागदाला धक्का लागता कामा नये. ही दाखवेल कसं ते. यांची एकूण एक किल्ली फोटोत आली पाहिजे. क्रम त्यांचा त्यांना लावू दे. त्या कुलूपवाल्याला आत ठेवायचं की बाहेर काढायचं ते त्यांचं ते बघतील. मग पानं इथे आणायची, फाटक्या घड्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, घडीतून शिवायची, म्हणजे किल्ल्या दिसत राहतील, आणि आपल्याच क्रमाने, काळा अंक मध्ये. पाठही तूच ठोकायची. ही नाही, मी नाही, तू. वाकडी झाली तर वाकडी राहू दे, मी हात फिरवीन तिच्यावर. आणि सुट्टी संपत आली असेल तर ऑफिसात कळव, की आई सोडत नाही."